ढग बघून पोट भरतं का?

सांगोला तालुक्यातल्या एका डाळिंब बागायतदार वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, गणित चांगलं. सारखी मोबाइलवर उपग्रहाची ढगांची चित्रं बघते आणि ‘यातच पुढं जायचं’ म्हणते. ‘ढग बघून पोट भरतं का? सरळ इंजिनिअरिंगला घालू?’

नमस्कार. नुसतं बघून नाही भरत. पण पोरगी बघते ते काय आहे, ते आधी समजून घेऊ.

भारताचा हवामान उपग्रह इन्सॅट-३डीआर किंवा २०२४ साली सोडलेला इन्सॅट-३डीएस विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. पृथ्वीच्या गतीनंच फिरतो, म्हणून आपल्याला एकाच जागी टांगल्यासारखा वाटतो. त्यामुळं तोच भाग दर अर्ध्या तासानं टिपता येतो. संध्याकाळचा वळीव चढताना दिसतो तो यामुळंच. बदल्यात बारकावा जातो. इन्फ्रारेड (उष्णता टिपणाऱ्या) चित्रात एक ठिपका साधारण चार किलोमीटरचा, म्हणजे जवळपास चार हजार एकर! तुमची बाग त्यात शोधू नका. बाग बघायला खालून फिरणारे उपग्रह आहेत, पण ते काही दिवसांनी एकदा येतात. दोन्हींचा मेळ घालणारी माणसं या क्षेत्रात लागतात. त्यांना फिजिक्स, गणित आणि प्रोग्रॅमिंग यावं लागतं.

म्हणून इंजिनिअरिंगच हवं असं नाही. फिजिक्स घेऊन बी.एस्सी., मग पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्रात एम.एस्सी., हा माझ्या मते तिच्यासाठी सरळ रस्ता. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत, म्हणजे अंतराळ विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत, जायचं तर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड द्यावी लागेल. हवामान खात्यातल्या सायंटिफिक असिस्टंटच्या जागा याआधी कर्मचारी निवड आयोगानं (एसएससी) भरल्या आहेत, पण भरती दरवर्षी निघत नाही, हेही ध्यानात ठेवा. फक्त ‘उपग्रह’ नाव लावून भरमसाट फी घेणाऱ्या कोर्सांना पैसे देऊ नका. डेहराडूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे बरेच ऑनलाइन कोर्स फुकट आहेत.

आता तिला एक काम द्या. वळवाच्या एखाद्या दिवशी दुपारपासून दर अर्ध्या तासाचं चित्र साठवायला सांगा. चित्रावरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल, तर तीत साडेपाच तास मिळवायचे. ढग किती सरकला, त्याचा माथा किती थंड झाला, हे वहीत लिहायचं आणि सांगोल्यावर पाऊस कधी येईल ते आधीच मांडायचं. अंगणात तुम्ही वेळ बघा. अंदाज चुकल्यावर ती कंटाळून वही मिटते की का चुकलं ते शोधत बसते, तेवढं मला कळवा.