जुन्या बुलेटच्या प्रायमरीत आणि गिअरबॉक्समध्ये कुठलं ऑइल घालावं?

तुमची बुलेट ३५० जुनी, चार गिअरची, कास्ट आयर्न इंजिनची आहे. एक मेकॅनिक गिअरबॉक्समध्ये ग्रीस भरा म्हणतो, दुसरा ईपी ९० हे गिअर ऑइल म्हणतो आणि तिसरा म्हणतो, सगळीकडे ट्वेंटी-फॉर्टी, म्हणजे २०डब्ल्यू४० इंजिन ऑइल घाला. हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो, कारण २००८-०९ पासून आलेल्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या) बुलेटमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलवर चालतात. तुमच्या गाडीत तसं नाही. इंजिन, प्रायमरी आणि गिअरबॉक्स असे तीन वेगळे कप्पे आहेत आणि तिघांची कामंही वेगळी आहेत. म्हणून नव्या बुलेटवाल्या मित्राचा सल्ला तुमच्या गाडीला लावू नका.

आधी प्रायमरी, म्हणजे इंजिनची ताकद चेनने क्लचकडे नेणारा कप्पा. तिथे चेन आणि क्लच प्लेटा ऑइलमध्येच फिरतात. त्यामुळे ऑइल जितकं निसरडं तितकं चांगलं, हा हिशेब इथे उलटा पडतो. प्लेटांना पकड हवी. साधं मिनरल २०डब्ल्यू४० किंवा २०डब्ल्यू५० घ्या आणि डब्याच्या मागे 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलंय ना, ते बघा. हे जपानी मानक ओल्या क्लचसाठीच आहे. 'एमबी' असेल तर ते स्कूटरचं ऑइल, त्यात घर्षण मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. दुकानदार घाईत तेच हातात देतो, म्हणून डबा फिरवून वाचाच. कारचं इंधन वाचवणारं पातळ ऑइलही इथे नको. घाटात लोड आला की क्लच घसरायला लागेल.

प्रायमरीत साधारण ४०० मिलीच्या आसपास ऑइल बसतं, पण मापावर जाऊ नका, लेव्हलवर जा. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा, लेव्हलचा स्क्रू काढा आणि तिथून थेंब थेंब यायला लागेपर्यंत वरून भरा. जादा आलेलं वाहून जाऊ द्या, मगच स्क्रू लावा. जास्त भरलं की क्लच पूर्ण सुटत नाही, न्यूट्रल सापडत नाही आणि लोक उगाच क्लच केबल बदलत बसतात. या कप्प्याला फिल्टर नाही, प्लेटांची झीज सगळी त्याच ऑइलात राहते. मी इंजिन ऑइलच्या दर दुसऱ्या बदलाला हेही काढतो.

प्रायमरीच्या कव्हरखालून गळत असेल तर मधला एकमेव नट आवळत सुटू नका. कव्हर वाकतं आणि गळती वाढते. रबर बदला.

आता गिअरबॉक्स, खरा वाद इथेच आहे. या जुन्या आल्बियन (ब्रिटिश गिअरबॉक्स कंपनी) पद्धतीच्या बॉक्समधली सीलिंग मुळातच कच्ची. स्लीव्ह गिअरपासून, म्हणजे मागच्या चेनचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं त्या पोकळ गिअरपासून, पातळ ऑइल झिरपतं आणि मागच्या चेनवर उतरतं. म्हणून ग्रीसची पद्धत आली. ग्रीस म्हणणारा मेकॅनिक चूक नाही, पण कुठलं ग्रीस हे त्याला विचारा. चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस भरलं तर गिअर त्यात आपल्यापुरती वाट कोरतात, बाकीचं भिंतीला चिकटून बसतं आणि आतले बुश कोरडे पडतात. हवं ते सेमी-फ्लुइड, पातळ पिठल्याइतकं सैल. ते मिळालं नाही तर ग्रीसमध्ये गिअर ऑइल मिसळून तेवढं सैल करून घ्या.

तुमचा बॉक्स गळत नसेल तर माझं मत सरळ ईपी ९०. ते प्रत्येक कोपऱ्यात पोचतं. आकड्याला घाबरू नका. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. तिथलं ९० हे इंजिन ऑइलच्या ४०-५० इतकंच दाट. म्हणूनच 'सगळीकडे ट्वेंटी-फॉर्टी' म्हणणाऱ्याच्या सल्ल्यानेही बॉक्स लगेच जाम होत नाही, फक्त गळती लवकर सुरू होते. मात्र ईपी ९० घेताना डब्यावर 'जीएल-४' ही गिअर ऑइलची श्रेणी बघून घ्या. जीएल-५ हे कार-ट्रकच्या डिफरन्शियलमधल्या हायपॉइड गिअरसाठी असतं. त्यात गंधक-फॉस्फरसचं प्रमाण बरंच जास्त, आणि काही जीएल-५ ऑइलं पितळ-ब्राँझला खातात. तुमच्या बॉक्समध्ये ब्राँझचे बुश आहेत, आणि साध्या सरळ दातांच्या गिअरना तेवढ्या रसायनाची गरजही नाही.

गाडीखाली डाग पडत असेल तर ऑइल विकत घेण्याआधी तो कुठला ते ओळखा. बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो, तो एकदा घेतला की विसरत नाही. प्रायमरीचं काळं असतं आणि क्लच तापलेला असेल तर जळका वास येतो.

आणि काहीही न भरता प्रायमरीची लेव्हल वाढलेली दिसली, तर इंजिन स्प्रॉकेटच्या मागचं ऑइल सील गेलंय. क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या कवचाच्या) दाबाने इंजिनचं ऑइल तिकडे ढकललं जातंय. तेव्हा प्रायमरीत कितीही भारी ऑइल घातलं तरी काही दिवसांत त्यात इंजिनचंच मिसळलेलं असेल. आधी लेव्हल स्क्रू उघडून एवढं तपासा, सील बदलायचं असेल तर ते बदला आणि मग ऑइल भरा.