घर आणि ऊर्जा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सोलापुरात चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. मे महिन्यात रात्री अकरापर्यंत छतातून धग येते. गच्चीला पांढरा रंग द्यावा, कोबा पुन्हा करावा की पत्र्याची शेड टाकावी?

उत्तर : धग छताचीच आहे ना, हे आधी तपासा. पश्चिमेची उघडी भिंतही असाच त्रास देते. 15 सेंमी जाडीचा स्लॅब दुपारी ऊन पितो आणि काही तासांनी ते खोलीत सोडतो. म्हणून संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान इन्फ्रारेड थर्मामीटरने, म्हणजे न टेकवता तापमान सांगणाऱ्या यंत्राने, छताचा खालचा भाग, पश्चिमेची भिंत आणि दोन खोल्यांमधली भिंत यांचं तापमान घ्या. चकाकणाऱ्या धातूवर हे यंत्र चुकीचा आकडा दाखवतं, त्यामुळे साध्या रंगाच्या पृष्ठभागावरच धरा. आतल्या भिंतीपेक्षा छत पाच-सहा अंशांनी जास्त तापलेलं असेल, तर खर्च गच्चीवर करा. भिंत जास्त तापत असेल, तर तिथल्या खिडक्यांना बाहेरून सावली द्या. आतला पडदा ऊन खोलीत शिरल्यावर अडवतो, त्याचा उपयोग मर्यादित असतो.

नुसत्या स्लॅबमधून आत-बाहेरच्या दर अंश फरकाला प्रत्येक चौरस मीटरमागे साधारण 3.3 वॅट उष्णता जाते. यालाच यू-मूल्य म्हणतात. वर 50 मिमी एक्सपीएस, म्हणजे दाट फोमचे बोर्ड, घातले की हे मूल्य 0.5च्या आसपास येतं. पांढरा परावर्तक रंग यू-मूल्य कमी करत नाही, तो ऊनच परत पाठवतो. खर्च सगळ्यांत कमी, म्हणून सुरुवात रंगापासून करा. शेवाळ घासून, गच्ची पूर्ण वाळवून फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन हात द्या. धूळ बसली की परावर्तन घटतं. दर उन्हाळ्याआधी गच्ची धुतली नाही, तर रंगाचा पैसा बराचसा वाया जातो.

जुन्या कोब्यावर नवा कोबा मात्र कृपा करून घालू नका. विटांच्या तुकड्यांचा 10 सेंमी कोबा चौरस मीटरमागे दोनशे किलोच्या घरात वजन टाकतो आणि त्या मानाने उष्णता फारशी अडवत नाही. जुन्या स्लॅबवर असा थर चढवण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि ती धोक्याची आहे.

बोर्ड घालायचे असतील, तर आधी वॉटरप्रूफिंग नीट करून घ्या, 48 तास पाणी साठवून गळती पाहा आणि पाणी जाण्याचा उतार राखा. बोर्ड वॉटरप्रूफिंगच्या वर बसतात, त्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं जाड कापड, आणि मग फिकट रंगाच्या फरश्या. स्वस्तात मिळणारं थर्मोकोल इथे नको, ते पाणी धरतं. फरश्यांचं वजन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. शेडची सावली खरी, पण तिला परवानगी लागते, आणि बाजू बंद केल्या तर तापलेला पत्रा खालच्या स्लॅबवरच उष्णता फेकतो.

प्रश्न : सात मजली सोसायटीचं सामाईक वीजबिल वाढतच चाललं आहे. कमिटी म्हणते पंप बदलू. खरंच बदलायला हवा का?

उत्तर : मोजल्याशिवाय नको. वरच्या टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह दहा मिनिटं बंद ठेवा, तेवढा वेळ लिफ्ट आणि सामाईक दिवेही बंद. पंप सुरू करून टाकीतली पातळी किती चढली ते पाहा. टाकी आतून 4 × 2.5 मीटर असेल आणि पाणी 20 सेंमी चढलं, तर 2,000 लिटर आलं. वीजमीटरवरचा लाल दिवा एका युनिटला किती वेळा लुकलुकतो, हे मीटरवरच छापलेलं असतं. समजा ते 800 आहे आणि दिवा मिनिटाला 56 वेळा लुकलुकला : 56 × 60 ÷ 800 = 4.2 किलोवॅट. दहा मिनिटांत 0.7 युनिट गेलं.

आता किमान लागणारी वीज काढा. 1,000 लिटर पाणी 1 मीटर चढवायला 0.0027 युनिट लागतं. खालच्या टाकीतल्या पाण्यापासून वरच्या पाइपच्या तोंडापर्यंत 30 मीटर धरले, तर 2,000 लिटरला 0.16 युनिट. प्रत्यक्षात 0.7 गेलं, म्हणजे पंपाची एकूण कार्यक्षमता सुमारे 23 टक्के. योग्य निवडलेला पंप-मोटरचा संच 40च्या वर द्यायला हवा.

तरीही लगेच पंप बदलू नका. फूट व्हॉल्व्हची, म्हणजे खालच्या टाकीतल्या पाइपच्या तोंडाशी असलेल्या झडपेची, जाळी गाळाने भरलेली असते, पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अर्धवट अडकतो, कोणीतरी गेट व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवलेला असतो, किंवा पंपातलं पाणी ढकलणारं चाक, म्हणजे इम्पेलर, झिजलेला असतो. हे दुरुस्त करून पुन्हा मोजा. आकडा तरीही हलला नाही, तर पंप तुमच्या उंचीला जुळत नाही असं समजा आणि नवा घेताना हॉर्सपॉवर नव्हे, मीटरमधली उंची आणि मिनिटाला लागणारे लिटर सांगा. टाकी भरून वाहते का, हेही पाहा. टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच बिघडला, तर तो चांगल्या पंपालाही उधळ्या बनवतो.

प्रश्न : नव्या इमारतीत फ्लॅट घेताना बिल्डरला काय विचारावं?

उत्तर : ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 साली काढलेल्या 'इको निवास संहिते'नुसार, म्हणजे राहत्या इमारतींसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीनुसार, हिशेब केला आहे का, ते विचारा आणि हिशेबाचा कागद मागा. थंड प्रदेश वगळता भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचा आकडा, म्हणजे आरईटीव्ही, चौरस मीटरला 15 वॅटपर्यंत आणि छताचं यू-मूल्य 1.2पर्यंत असावं, असं ती सांगते. पश्चिमेला मोठी काच आणि वर छज्जा नाही, असा नकाशा असेल तर आधी या आकड्यांची खात्री करा.