कमी बजेटमध्ये गेमिंग आणि सिनेमे, दोन्हींसाठी टीव्ही घ्यायचा आहे. फुल एचडी घ्यावा की फोर-के, आणि किती इंची?

फुल एचडी की फोर-के हे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी एवढंच बघा की टीव्हीला गेम मोड आहे का आणि तो लावल्यावर इनपुट लॅग, म्हणजे आलेलं चित्र पडद्यावर दाखवायला टीव्ही लावतो तो उशीर, किती मिलिसेकंदांवर येतो. वीसच्या आत असेल तर पुढचं बोलू. नसेल तर तो टीव्ही बातम्यांपुरता ठीक आहे. हा आकडा खोक्यावर नसतो, माहितीपत्रकातही क्वचितच सापडतो. यंत्र लावून मोजणाऱ्यांची परीक्षणं असतात, तिथे शोधावा लागतो. खोक्यावर ठळक काय, तर इंच, 'के' आणि 'एचडीआर' (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारं चित्र).

एवढ्या तावातावाने लिहितोय त्याला कारण आमचे दाजी.

दाजींनी खोक्यावरचं वाचून टीव्ही घेतला. भलामोठा, फोर-के, एचडीआर, कोपऱ्यात 'मोशन २४०' असलं काहीतरी लिहिलेलं स्टिकर. ते स्टिकर अजून तसंच आहे, काढू देत नाहीत. मी गेलो तेव्हा भाच्याने फायटिंग गेम लावला. हाच भाचा माझ्याकडे आला की त्याच गेममध्ये सपाटून हरतो. त्या दिवशी त्याने मला धुऊन काढलं. माझा एक ब्लॉक लागेना. मी बटण दाबतोय आणि पडद्यावरचा माझा गडी मार खाऊन झाल्यावर हात वर करतोय. ताई हसतेय, भाचा सोफ्यावर नाचतोय, आणि दाजी शांतपणे म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." कारण मी तोवर म्हणून बसलो होतो की दाजी, तुमचा टीव्ही मागे पडतोय. "टीव्ही कसा मागे पडेल? वीज आहे ती. सिग्नल जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने येतो. तुझेच हात गंजले."

ऐकायला बिनतोड. आणि वायरचं खरंच काही चुकत नाही, उशीर होतो तो टीव्हीच्या आत. आलेली फ्रेम टीव्ही लगेच दाखवत नाही. आधी तिच्यातले ठिपके पुसतो, कडा धारदार करतो, पडद्याच्या मापाला ताणतो. वर मोशन स्मूदिंग चालू असेल तर दोन फ्रेमच्या मधली एक खोटी फ्रेम बनवतो, आणि ती बनवायची तर पुढची फ्रेम हातात येईपर्यंत आधीची अडवून ठेवावी लागते. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद. अशा पाच-सहा फ्रेम अडल्या की ब्लॉकची वेळ गेली. सिनेमा बघताना हे कळत नाही, कारण टीव्ही आवाजही तेवढाच थांबवतो. गेममध्ये बटण तुमच्या बोटाखाली असतं, तिथे काही लपत नाही.

मग भाचा कसा जिंकत होता? त्याचे हात त्याच टीव्हीवर तयार झालेत. तो सगळं आधीच दाबतो, त्याला स्वतःलाही माहीत नाही.

मी फोन काढला आणि २४० फ्रेमच्या स्लो-मोशनवर कंट्रोलर आणि पडदा एकाच चौकटीत घेऊन शूट केलं. या व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. बोट बटणावर टेकल्यापासून पडद्यावरचा गडी हलेपर्यंत फ्रेम मोजायच्या, मग गेम मोड लावून पुन्हा तेच करायचं. नुसत्या एका आकड्यावरून काही म्हणता येत नाही, त्यात कंट्रोलरचा आणि गेमचा स्वतःचा उशीरही असतो. पण दोन आकड्यांतला फरक निव्वळ टीव्हीचा. तो वीसेक फ्रेमचा निघाला, म्हणजे ऐंशीच्या वर मिलिसेकंद. गेम मोडवर भाचा पुढचे सगळे डाव हरला, कारण आता तो फार लवकर दाबत होता.

अंगण वाकडं होतं, मोजून दाखवलं. दाजींनी क्लिप बघितली, "पण चित्र फिकं झालं की रे" म्हणाले, आणि रिमोट घेऊन आधीचा मोड परत लावला. तो आजतागायत तसाच आहे. आणि प्रत्येक लग्नकार्यात किस्सा काय सांगितला जातो, तर मामा हरला आणि टीव्हीला नावं ठेवली.

तर तुमच्यासाठी. गेमिंग आणि सिनेमे दोन्ही करायचे असतील तर यादीत 'ऑटो लो लेटन्सी मोड' म्हणजे एएलएलएम शोधा. कन्सोलवर गेम सुरू झाला की टीव्ही आपोआप गेम मोडवर जातो, सिनेमा लावला की परत येतो. रिमोट कुणाच्याही हातात असो. जोडीला व्हीआरआर, म्हणजे गेमच्या फ्रेमप्रमाणे पडद्याने आपला वेग बदलणं, मिळालं तर उत्तम, पण त्यासाठी बजेट ताणू नका.

'मोशन २४०' हा पॅनलचा वेग नाही. ते कंपनीने स्वतःच ठरवलेलं माप आहे, आत बहुतेक वेळा ६० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारं पॅनल निघतं. स्वस्तात ६० हर्ट्झ घ्यायला माझी काही हरकत नाही, पण २४० म्हणून मिरवू नका. २०२० साली आलेले प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स फोर-केमध्ये १२० फ्रेम देऊ शकतात. त्यासाठी पॅनल १२० हर्ट्झचं हवं आणि कन्सोल जोडायचं पोर्ट एचडीएमआय २.१ हवं. २.०ची सेकंदाला १८ गिगाबिटची वाट फोर-के ६०पाशी संपते. त्यातही नुसतं '२.१' लिहिलेलं बघून भुलू नका, त्यातल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत. कुठल्या पोर्टवर काय चालतं ते वाचा.

सिनेमासाठी माझं मत एका शब्दात: कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरं काळ्याच्या किती पट उजळ ते. स्वस्त एलसीडीत मागचा दिवा कायम चालू असतो, पॅनलने तो अडवायचा असतो. पॅनलचे दोन मुख्य प्रकार: व्हीए ३०००:१ किंवा त्याहून चांगलं अडवतं, आयपीएस १०००:१च्या आसपास. रात्रीच्या प्रसंगात आयपीएसवर अंधार राखाडी दिसतो, मग रेझोल्यूशन कितीही असो. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या मापांत वेगळं पॅनल असू शकतं, तेव्हा परीक्षण वाचाल ते तुमच्या इंचांचंच वाचा.

एचडीआरकडे या बजेटात दुर्लक्षच करा. टीव्ही तो सिग्नल घेतो, पण दाखवायला ताकद लागते. एचडीआर सिनेमे बरेचदा १००० निटच्या (निट हे उजेडाचं माप) हिशेबाने बनवलेले असतात आणि स्वस्त टीव्ही २५०-३५० निटला दमतो. पुष्कळदा साधं चित्रच जास्त उजळ दिसतं.

आणि स्मूदिंग बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. मधे खोट्या फ्रेम घातल्या की भव्य सिनेमाही रोजच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी लोकांना हे बंद करा म्हणून सांगायला खास व्हिडिओ काढला होता, आणि पुढच्याच वर्षी स्मूदिंग वगैरे बंद ठेवणारा 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला. "स्मूद दिसतं तर वाईट काय" असं विचारणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत. दाजी, वाईट हे की ज्याने तो शॉट घेतला त्याला तसा नको होता.

एक मात्र मान्य करायला हवं. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते, आणि कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं. अगदीच खटकलं तर स्मूदिंग एक-दोन घरं ठेवा. गेम मोडमध्ये चित्र फिकं होतं ही तक्रारही काही टीव्हींवर खरी असते. मग त्या मोडची ब्राइटनेस आणि रंग वेगळे लावून घ्यायचे, मोड बंद करायचा नाही.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. ४३ इंची टीव्ही साडेपाच-सहा फुटांपलीकडून बघत असाल तर चांगल्या नजरेलाही फुल एचडी आणि फोर-केच्या ठिपक्यांतला फरक मुश्किलीने दिसतो. फोर-के आपसूक मिळत असेल तर घ्या, त्यासाठी कॉन्ट्रास्ट सोडू नका. 'एचडी रेडी' नावाचं १३६६ बाय ७६८चं प्रकरण मात्र नको. चित्र ७२० ओळींचं असो की १०८० (फुल एचडी), काहीच त्यावर ठिपक्याला ठिपका बसत नाही, सगळं ताणलेलं किंवा दाबलेलं. घरी आणल्यावर ओव्हरस्कॅन, म्हणजे कडा कापून चित्र मोठं करणं, बंद करा, नाहीतर कोपऱ्यातली हेल्थ बार पडद्याबाहेर जाते.

व्हीएचं कौतुक केलं खरं, पण खोलीत लोक कडेला बसत असतील तर त्यांना रंग धुतल्यासारखे दिसतील, आणि वेगवान गेममध्ये गडद भागात हलत्या गोष्टीमागे शेपटी उमटते. तुमचं निम्मं बघणं बाजूने होणार असेल तर आयपीएस घ्या आणि खोलीत थोडा उजेड ठेवा. आणि तुम्ही पत्ते, बुद्धिबळ, शेती-बांधकाम असले निवांत गेम खेळत असाल तर लॅगबद्दल वर लिहिलेलं तुम्हाला काही लागू नाही. काळा रंग सगळ्यात काळा दाखवेल तो टीव्ही घ्या आणि मोकळे व्हा.