२०२० मध्ये लोणार सरोवर अचानक गुलाबी का झालं होतं?

त्या जूनमध्ये बऱ्याच बातम्यांनी शेवाळाकडे बोट दाखवलं होतं. पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा रंगाचं कारण निघालं हॅलोआर्किया. हे मिठात रमणारे सूक्ष्मजीव. दिसतात जीवाणूंसारखे, पण जीवाणू नव्हेत. जीवसृष्टीची ती स्वतंत्र शाखाच आहे.

लोणारचं पाणी मुळातच खारट आणि अल्कधर्मी. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी घटलं, क्षारता आणखी वाढली. बाकीच्या जीवांना ती सोसवत नाही, हॅलोआर्किया मात्र फोफावतात. त्यांच्या पेशींत गुलाबी-लाल कॅरोटिनॉइड असतात, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या कुळातलीच द्रव्यं. कडक उन्हापासून पेशीचा बचाव करणं हे त्यांचं काम.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे: नमुन्याचं पाणी काही वेळ स्थिर ठेवलं, तर हे जीव तळाशी बसतात आणि वर नितळ पाणी उरतं. म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हताच! म्हणूनच तो कायमचा नव्हता.

इराणमधलं उर्मिया सरोवरही पाणी आटलं की लालसर होतं. तिथेही मिठात जगणारे सूक्ष्मजीवच कारणीभूत असतात, सोबत शेवाळही असतं.