मोठ्या झाडाखाली लॉन टिकत नाही, दरवर्षी नवीन लावूनही टक्कल पडतं. काय करावं?

तिथे लॉनचा हट्ट सोडा, असं माझं स्पष्ट मत. लॉनच्या बहुतेक गवतांना दिवसाला निदान 4 ते 6 तास ऊन लागतं. शिवाय झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीतच पसरलेली असतात. खुरप्यानं थोडं उकरून बघा, केसांसारखं जाळं हाताला लागेल. त्यांच्यापुढे गवताचा काय निभाव लागणार?

नवीन माती टाकून उंची वाढवू नका, मुळं गुदमरतात. (मी केलंय हे. झाड वाचलं, पण दोन वर्षं रुसलं होतं.) त्यापेक्षा वाळक्या पानांचा 5 ते 8 सेंमी थर पसरा, मात्र बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल कुजते. हिरवंच हवं असेल तर मुळं न तोडता मधल्या खाचांत नेचे किंवा स्पायडर प्लांट लावा.

सावली विरळ असेल आणि गवतच हवं असेल, तर ते जरा उंच ठेवा. एका कापणीत एक तृतीयांशापेक्षा जास्त पातं छाटू नका.