वाचकांचे प्रश्न : शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर

बारावीचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय आपोआप ठरतो. या वेळी कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर या भागांतून आलेली बरीचशी पत्रे शिवाजी विद्यापीठाविषयी आहेत. त्यांतील निवडक प्रश्न घेत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली. घरी निरनिराळ्या संस्थांची माहितीपत्रके येऊन पडली आहेत आणि प्रत्येकावर 'विद्यापीठ' हाच शब्द आहे. शिवाजी विद्यापीठ हे 'राज्य सार्वजनिक विद्यापीठ' आहे, म्हणजे नेमके काय? मुलीचा कल कृषी पदवीकडे आहे, ते न जमल्यास अभियांत्रिकी. दोन्हींची पदवी हेच विद्यापीठ देते का?
— एक पालक, गडहिंग्लज

उत्तर : राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून स्थापन केलेले, राज्य शासनाच्या अनुदानावर चालणारे आणि आपल्या भौगोलिक क्षेत्रातील महाविद्यालयांना संलग्नता देणारे, अशी राज्य सार्वजनिक विद्यापीठाची ओळख सांगता येईल. शिवाजी विद्यापीठ सध्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याखाली चालते. हा कायदा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. राज्यपाल हे विद्यापीठाचे कुलपती असतात आणि कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची असते. अभिमत (डीम्ड) विद्यापीठाला तो दर्जा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम ३ अन्वये केंद्र शासनाकडून मिळतो. स्वयंअर्थसाहाय्यित खासगी विद्यापीठ राज्याच्या कायद्यानेच स्थापन होते. मात्र त्याला महाविद्यालये संलग्न नसतात आणि त्याचा खर्च मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागतो. पदवी देण्याचा अधिकार तिघांनाही आहे. म्हणून माहितीपत्रक हाती आले की आधी संस्था या तिन्हींपैकी कोणत्या प्रकारात मोडते ते पाहावे आणि मगच शुल्काच्या पानाकडे वळावे.

आता आपल्या मुलीविषयी. कृषी पदवी शिवाजी विद्यापीठ देत नाही. कोल्हापूरचे शासकीय कृषी महाविद्यालय विद्यापीठापासून दूर नसले, तरी ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे आहे. वैद्यकीय पदव्याही १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर तिकडे गेल्या, आणि तंत्रनिकेतनाच्या पदविका राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या अखत्यारीत येतात. अभियांत्रिकीच्या बाबतीत प्रत्येक महाविद्यालयाची स्वतंत्र चौकशी करावी लागते, कारण लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला राज्यभर संलग्नता देण्याचा अधिकार मिळाल्यापासून काही महाविद्यालये त्याला जोडली गेली आहेत. शिवाय स्वायत्त महाविद्यालयांचा प्रकार वेगळा आहे. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाला २००७ साली स्वायत्तता मिळाली. तेव्हापासून तेथील अभ्यासक्रम आणि परीक्षा महाविद्यालयाच्या, पण पदवी मात्र शिवाजी विद्यापीठाची, अशी व्यवस्था आहे. प्रवेशअर्जावर महाविद्यालयाच्या नावाखाली 'संलग्न' या शब्दापुढे कोणते विद्यापीठ छापले आहे, ती एक ओळ मुलीला स्वतः वाचायला लावा. तीन-चार वर्षांनी तिच्या पदवी प्रमाणपत्राच्या माथ्यावर तेच नाव येणार आहे.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या एका टिपणात शिवाजी विद्यापीठाची ३४ महाविद्यालये आणि १४ हजार विद्यार्थी असे दिले आहे. दुसऱ्या ठिकाणी महाविद्यालयांचा आकडा तीनशेच्या जवळ आहे. यांतील खरे कोणते?
— एक विद्यार्थी, तासगाव

उत्तर : दोन्ही आकडे खरे आहेत, पण त्यांचे काळ वेगळे आहेत. पहिला आकडा स्थापनेच्या वेळचा, म्हणजे १९६२ चा. आज संलग्न महाविद्यालये आणि मान्यताप्राप्त संस्था तीनशेच्या आसपास आहेत आणि विद्यार्थिसंख्या दोन लाखांच्या पुढे गेली आहे. टिपणात आकड्याशेजारी साल लिहिले असते, तर आपला गोंधळ झाला नसता. आपण स्वतः टिपणे काढाल तेव्हा ही काळजी अवश्य घ्यावी.

आपण विषय काढलाच आहे, तर स्थापनेचा प्रसंग थोडा सविस्तर सांगावासा वाटतो. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तेव्हा चीनशी युद्ध सुरू होते. त्याच आठवड्यात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. अशा दिवसांतही हा समारंभ पार पडला, यावरून या भागाला स्वतःच्या विद्यापीठाची किती निकड होती याची कल्पना येते. त्याआधी दक्षिण महाराष्ट्रातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाला, आणि १९४९ मध्ये ते सुरू होण्यापूर्वी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. महाविद्यालये जुनी होती (कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय १८८० चे, सांगलीचे विलिंग्डन १९१९ चे), परंतु परीक्षा, निकाल आणि पदवी यांचा कारभार दूरच्या शहरातून चाले. १९६२ नंतर तो कारभार कोल्हापुरात आला.

पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे अभ्यासक होते आणि त्यापूर्वी त्यांनी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले होते. बारामतीच्या शेतीतील कामामुळे परिचित असलेले आप्पासाहेब पवार वेगळे. नामसाम्यामुळे अनेक टिपणांत दोघांची गल्लत झालेली दिसते, म्हणून हा खुलासा.

महाविद्यालयांच्या संख्येइतकीच कार्यक्षेत्राची माहिती महत्त्वाची आहे. आज विद्यापीठाकडे कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे आहेत. त्यांचे तालुके अनुक्रमे १२, १० आणि ११, म्हणजे एकूण ३३ होतात आणि २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या सुमारे ९७ लाख भरते. एका टोकाला महाबळेश्वर आणि पाटणचा अतिपावसाचा डोंगराळ प्रदेश आहे, दुसऱ्या टोकाला जत, आटपाडी आणि माण हे दुष्काळी तालुके आहेत, आणि दक्षिणेला चंदगड थेट कर्नाटकाच्या सीमेवर आहे. या साऱ्या गावांतील मुले 'शिवाजी विद्यापीठाचे विद्यार्थी' म्हणून मोजली जातात. पण त्यांतील बहुसंख्य आपापल्या तालुक्याच्या महाविद्यालयात शिकतात आणि विद्यापीठाच्या आवारात त्यांचे पाऊल क्वचितच पडते. विद्यार्थिसंख्येचा आकडा वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. आवारातील पदव्युत्तर विभागांत शिकणारे विद्यार्थी त्या आकड्याचा लहानसा भाग आहेत. उरलेला मोठा भाग एसटीचा पास काढून रोज दहा-वीस किलोमीटर जा-ये करणाऱ्यांचा आहे, आणि विद्यापीठ चांगले की कसे हे त्यांच्या वर्गखोलीतही पाहिले पाहिजे.

आवाराविषयीही पत्रांतून वरचेवर विचारणा होते. शहराबाहेरच्या माळावर ८५३ एकरांत ते पसरलेले आहे. तुलनेसाठी सांगायचे, तर पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचे आवार ४११ एकरांचे आहे. मुख्य इमारतीसमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे; तो १९७४ साली, राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दी वर्षात उभा राहिला. 'ज्ञानमेवामृतम्' हे विद्यापीठाचे ब्रीदवाक्य आहे. परंतु मला या आवारातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती तेथील तळी. मूळचा हा कातळाचा माळ, पाणी धरून न ठेवणारा. तेथे उतारावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी तळ्यांत आणि विहिरींत अडवून विद्यापीठाने आपली पाण्याची गरज आवारातच भागवली. जतचा किंवा माणचा विद्यार्थी हे पाहून गावी परततो, तेव्हा त्याने पुस्तकाबाहेरचा एक धडा घेतलेला असतो. तशीच 'कमवा आणि शिका' योजना. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी याच भूमीत रुजवलेली श्रमाच्या मोबदल्यात शिक्षणाची कल्पना विद्यापीठाने आपल्या वसतिगृहात आणली. सकाळी आवारात काम आणि दुपारी पदव्युत्तर वर्ग, असा दिवस घालवून शिकलेली माणसे या तिन्ही जिल्ह्यांत शिक्षक आणि अधिकारी म्हणून भेटतात. माहितीपत्रकात या योजनेला जेमतेम दोन ओळी मिळतात. तिला याहून अधिक जागा मिळायला हवी.

प्रश्न : मी १९९८ साली सोलापुरातील महाविद्यालयातून पदवीधर झालो. आता परदेशातील नोकरीसाठी सर्व वर्षांच्या गुणांचा प्रमाणित उतारा हवा आहे. सोलापूर विद्यापीठात जावे की कोल्हापूरला?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : कोल्हापूरला. सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी अस्तित्वात आले. २०१९ पासून त्याचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे आहे. आपली परीक्षा त्याच्या आधीची असल्याने ती शिवाजी विद्यापीठाने घेतली आणि पदवीही त्यानेच दिली. नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे : पदवी प्रमाणपत्राच्या माथ्यावर ज्या विद्यापीठाचे नाव, त्याच्याच परीक्षा विभागाकडे अर्ज करायचा, महाविद्यालय आज कोणाला संलग्न आहे, याचा येथे संबंध नाही. अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिकेची छायाप्रत, परीक्षेचा महिना आणि वर्ष, बैठक क्रमांक आणि महाविद्यालयाचे तेव्हाचे नाव या गोष्टी एका कागदावर लिहून काढा. जुन्या नोंदी बैठक क्रमांकावरून शोधाव्या लागतात, त्यामुळे तो क्रमांक हाताशी असेल तर काम लवकर होते. गुणपत्रिका हरवली असल्यास आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयात निकालपत्रकाची प्रत जपलेली आहे का, ते आधी पाहावे.

प्रश्न : विद्यापीठाला 'नॅक'कडून (उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेकडून) 'ए प्लस प्लस' मिळाले आहे. मग त्याला संलग्न असलेले आमच्या गावचे महाविद्यालयही त्याच दर्जाचे समजायचे का?
— एक पालक, कोरेगाव

उत्तर : नाही, आणि या एका गैरसमजापायी पालकांचे मोठे नुकसान होते. शिवाजी विद्यापीठाला २०२१ मध्ये ४ पैकी ३.५२ गुणांक मिळाला. ३.५१ आणि त्यापुढील गुणांकास 'ए प्लस प्लस', ३.२६ ते ३.५० ला 'ए प्लस', तर ३.०१ ते ३.२५ ला 'ए' श्रेणी मिळते. म्हणजे विद्यापीठ सर्वोच्च श्रेणीत आले ते उंबरठा नुकताच ओलांडून. यश निःसंशय मोठे आहे, पण श्रेणीबरोबर गुणांकही पाहायची सवय लावून घ्यावी, कारण ३.५० आणि ३.५१ यांत फरक एका शतांशाचा असतो आणि जाहिरातीत तो डोंगराएवढा दिसतो.

हे मूल्यांकन विद्यापीठाचे आणि त्याच्या स्वतःच्या विभागांचे असते. अध्यापन, संशोधन, पायाभूत सुविधा, विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य, प्रशासन अशा सात निकषांवर ते होते. संलग्न महाविद्यालयाला स्वतंत्रपणे त्याच प्रक्रियेतून जावे लागते आणि त्याची श्रेणी विद्यापीठाहून वरची किंवा खालची असू शकते. आपण महाविद्यालयात जाऊन त्याचे स्वतःचे नॅक प्रमाणपत्र पाहायला मागा आणि त्यावरील मुदत वाचा. श्रेणी सर्वसाधारणपणे पाच वर्षांसाठी असते. त्याच भेटीत आपल्या मुलाच्या विषयाला पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हेही विचारावे. माझ्या मते या उत्तराचे वजन श्रेणीच्या अक्षराहून जास्त आहे.

प्रश्न : विद्यापीठाच्या नावात 'छत्रपती' आणि 'महाराज' ही पदे का नाहीत?
— एक वाचक, सातारा

उत्तर : स्थापनेपासून अधिकृत नाव 'शिवाजी विद्यापीठ' असेच आहे. त्यामागचा विचार म्हणून एक कारण नेहमी सांगितले जाते : लांब नावांची इंग्रजी आद्याक्षरे होतात आणि मूळ नाव बोलण्यातून नाहीसे होते, जसे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे 'एम. एस.' झाले. नाव आटोपशीर ठेवल्यास 'शिवाजी' हा शब्द उच्चारल्यावाचून कोणालाच विद्यापीठाचा उल्लेख करता येणार नाही, अशी ती भूमिका आहे. पूर्ण नामोल्लेख असावा, अशी मागणीही वेळोवेळी होत आली आहे. दोन्ही बाजूंच्या मागे आदरच आहे, एवढे मी सांगू शकतो.

प्रश्न : निकाल लांबतात, शुल्क वाढते. आमच्यासारख्या जुन्या पदवीधरांना यात बोलण्याचा काही अधिकार असतो का?
— एक पदवीधर, इस्लामपूर

उत्तर : असतो, आणि फार थोडे लोक तो वापरतात. शेवटची परीक्षा झाल्यापासून ३० दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत, निकाल लावावा, असे २०१६ च्या कायद्यातच म्हटले आहे. तेव्हा तक्रारअर्जात या मुदतीचा उल्लेख जरूर करावा. विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांमधून १० प्रतिनिधी निवडून जातात. त्यांतील पाच जागा खुल्या आणि पाच राखीव असतात, मतदान पसंतीक्रमाने होते आणि मुदत पाच वर्षांची असते. विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो आणि सदस्यांना तेथे लेखी प्रश्न विचारता येतात. मात्र केवळ पदवी हाती असल्याने कोणी मतदार होत नाही, त्यासाठी पदवीधर म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा पदवी प्रमाणपत्राची प्रत आणि रहिवासाचा पुरावा आताच एकत्र काढून ठेवा, आणि नोंदणीची सूचना निघताच पहिल्याच आठवड्यात अर्ज भरा. घरात आणखी पदवीधर असतील, तर त्यांचेही अर्ज सोबतच भरून घ्यावेत.