बाळंतपणातली सोबतीण: नागपूरहून आणावी की घरातलीच तयार करावी?

ताई, आपल्या वहिनींना सातवा महिना लागला असून पहिल्या बाळंतपणासाठी त्या दारव्हा तालुक्यातील माहेरी जाणार आहेत. त्यांच्यासाठी नागपूरहून पैसे देऊन डौला आणावी असे आपल्याला वाटते, तर त्यांच्या आईचे म्हणणे असे की घरात पाच बाया असताना आणखी एक कशाला. यवतमाळ जिल्ह्यात मी आधी आशा आणि पुढे आशांच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक म्हणून काम केले आहे; त्या अनुभवावरून सांगते की आपण दोघीही अर्ध्या बरोबर आहात. घरात पाच बाया असणे निराळे आणि त्यांतली एक शेवटपर्यंत उशाशी असणे निराळे.

डौला हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ सेवा करणारी स्त्री. आपल्याकडे तो ऐकला की लोकांना सुईण आठवते, पण सुईण बाळंतपण करीत असे, नाळ कापीत असे. डौला तपासणी करीत नाही, औषध देत नाही, कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीशी लागेपर्यंत बाईला एकटी सोडत नाही. याचा उपयोग किती, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात तपासले गेले. त्यात २६ अभ्यास आणि पंधरा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढले, सिझेरियनचे कमी झाले आणि कळांचा काळही थोडा आटोपशीर झाला. या अभ्यासांत सोबत करणाऱ्या सगळ्याच काही शिकलेल्या डौला नव्हत्या. काही ठिकाणी परिचारिका होत्या, तर काही ठिकाणी घरच्याच बाया.

म्हणून माझे मत घरातलीच तयार करावी असे आहे. नागपूरची बाई यायला चार-पाच तास लावील ही माझी हरकत नाही, कारण पहिलटकरणीच्या कळा बहुधा त्याहून लांबतात. हरकत अशी की ती दुसऱ्या दिवशी परत जाईल, आणि खरे काम तिच्या जाण्यानंतरच्या सव्वा महिन्यात असते. गावातली बाई हे शिकू शकेल का, अशी शंका आपल्याला आली असेल, तर गडचिरोली आठवा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने खेड्यातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचे जे काम केले, ते १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि आज आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी बाळाला पाहायला येतात त्याचे मूळ तिथे आहे.

माणूस निवडताना घाई करू नका. वहिनींचे दिवस दसरा-दिवाळीच्या सुमारास भरतील, म्हणजे नेमकी सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी चालू असताना. तेव्हा त्या पाचपैकी चार वावरात असतील. स्वतः बाळंत झालेली, आवाज न चढवणारी, दुसऱ्यांच्या बाळंतपणाच्या भयकथा न सांगणारी मावशी किंवा काकू पाहावी. आईला मी सहसा सुचवत नाही. लेकीआधी तिलाच रडू फुटते. ठरलेल्या सोबतिणीला आतापासून सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या गरोदर बायांच्या तपासणीला वहिनींबरोबर पाठवा, म्हणजे डॉक्टर काय सांगतात ते दोघींच्या कानांवर पडेल. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली नसेल तर ती मागून घ्या, विदर्भात ती टाळू नये.

सरकारी दवाखान्यात सोबतिणीला आत घेण्याचे धोरण केंद्राने २०१६ सालीच स्वीकारले आहे, तरी आधी जाऊन विचारून ठेवावे. एका ठिकाणी मला सिस्टरने दारातूनच परत पाठवले होते. राग आला, पण दाराशी आमच्याकडची सात माणसे उभी होती हेही खरे. एकीचेच नाव सांगा आणि बाकीच्यांना घरी ठेवा.

कळांमध्ये करायचे ते साधे असते. कंबर धरली की तळहाताने माकडहाडाच्या वर घट्ट दाब द्यावा, दोन कळांच्या मध्ये चालवावे किंवा डाव्या कुशीवर निजवावे, डॉक्टरांची मनाई नसेल तर घोट-घोट पाणी द्यावे, आणि स्वतः सावकाश श्वास घ्यावा, म्हणजे तीही घेते. सिस्टर सांगण्याआधी ‘जोर कर’ म्हणू नये. कुणी वरून पोट दाबू लागले, किंवा घरी कळा वाढवण्याचे इंजेक्शन देतो म्हणाले, तर स्पष्ट नकार द्यावा; त्याने गर्भपिशवी फाटू शकते.

सोबतिणीची मर्यादा मी चूक करून शिकले. नात्यातल्या एका मुलीचे नवव्या महिन्यात डोके ठणकत होते. जागरण झाले असेल, असे मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिचा रक्तदाब एवढा वाढलेला निघाला की तिला तातडीने मोठ्या दवाखान्यात न्यावे लागले. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही दिसले तर अंदाज न बांधता १०८ ला फोन करावा.

बाळंतपणानंतर सोबतिणीला घरच्यांशीच थोडे भांडावे लागेल. चीक पिळून टाकू देऊ नये, पहिल्या तासातच बाळाला पाजावे. नाळेला तेल-हळद लावू नये. डिंकाचे लाडू खुशाल द्यावेत, पण बाळंतिणीचे पाणी आणि पालेभाज्या तोडू नयेत. बाजेखाली शेगडी ठेवून खोली बंद करणे मात्र कुणाच्याही आग्रहाखातर चालवू नये, त्या धुराने माय-लेकरू दोघेही दगावू शकतात. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येते आणि आपोआप जाते. दोन आठवड्यांनंतरही उदासी टिकली, झोप उडाली, बाळाकडे पाहावेसे वाटेना, तर त्याला नखरे न म्हणता डॉक्टरांना दाखवावे किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

राहिला पैशाचा प्रश्न. नागपूरच्या डौलासाठी आपण जी रक्कम बाजूला काढली आहे, तीतून त्या मावशींची सोंगणीतली बुडालेली मजुरी द्या. त्या नको म्हणतील, कारण नात्यात पैसे घ्यायला लाज वाटते. तरी द्या, आणि तेही आधीच, म्हणजे मुकादमाचा निरोप आला तरी त्या वहिनींजवळच थांबतील.